दादाच्या ओल्या चपला

प्रिय आई,

तू गेलीस त्याला तीन महिने झाले. पत्र आज लिहितेय, कारण काल दुपारी शेजारच्या काकूंकडे टीव्हीवर एक मालिका बघितली. त्यात एका बाईचा तरणा मुलगा मरतो, पोलीस अपघात म्हणून मोकळे होतात आणि ती बाई एकटी शोध घेत सुटते. काकू म्हणाल्या, "असली आई खरी कुठं असती व्हय? सगळं बनवलेलं." मी शेंगा सोलत होते. पाटी तशीच ठेवून घरी आले. माझी आई तशीच होती, एवढं सांगायलाही माझं तोंड उघडलं नाही.

टीव्हीतल्या बाईकडे मोटार होती. तू पळसदेवहून एसटीनं इंदापूरला जायचीस, पिशवीत दादाच्या पट्ट्याच्या चपला घेऊन. चार वर्षं गेलीस. चौकीतले लोक तुला लांबून बघूनच हसायचे, हे तुला कळत होतं ना? मला तुझी लाज वाटायची, आई. वाटायची, हे खरं आहे.

जमादारांचं म्हणणं साधं होतं. दादाच्या चपला काठावरच्या बाभळीखाली, होडी सुटून पाण्यात आणि दादा बुडालेला. म्हणजे पहाटे जाळी काढायला गेला आणि तोल गेला. आपल्यात होडीत पायताण घालून कुणी चढत नाही. होडी म्हणजे लक्ष्मी. सगळे बाभळीखाली चपला काढतात आणि अनवाणी चढतात, हे साऱ्या धरणकाठाला माहीत. दादा सात वर्षांचा असताना एकदा चपलांसकट चढला, तर तू त्याला वल्ह्याच्या दांड्यानं हाणलं होतंस. पुन्हा त्यानं ती चूक केली नाही.

पण तू त्या चपला हातात घेतल्यास आणि दाबून बघितल्यास. "चामडं आतून भिजलंय, सायब. कडंला काढून ठेवलेली चप्पल आतून कशी भिजंल?"

"दव पडलं आसंल, मावशी."

"दवानं चामडं फुगत न्हाय."

तुझं तिथूनच सुरू झालं. भिगवणच्या चहावाल्याकडून तू काढून आणलंस की आदल्या संध्याकाळी दादा मासेमारीच्या ठेकेदाराच्या मुकादमाबरोबर जीपमध्ये बसला होता. बारीक जाळ्यांनी पिलं मारू नका म्हणून दादाचं त्याच्याशी वाजलं होतंच. तू जमादारांना म्हणालीस, "माझं पोरगं पायताणासकट पान्यात पडलंय. होडीत चढलंच न्हाय. कुनीतरी ढकललंय आन् मागनं होडी सोडलीया." ते म्हणाले, "मग चपला बाभळीखाली चालत गेल्या का?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

त्या सकाळी तू मासळी घेऊन भिगवणला गेली होतीस. मी धुणं घेऊन काठावर गेले तर जलपर्णीत दादाचे पाय दिसले. पायात चपला, बक्कलं लावलेली. मी किंचाळलेसुद्धा नाही. आधी खाली बसले आणि बक्कलं सोडली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. पायात पायताण बघितलं आणि होडीत तसाच चढला म्हणून तू ओरडशील असं वाटलं बहुतेक. मेलेल्या भावाला तुझं बोलणं बसू नये म्हणून मी त्या काढल्या आणि जिथं रोज काढतात तिथं, बाभळीखाली, जोडीनं ठेवल्या. मग गावाकडं पळत सुटले.

जमादार आले आणि गरजले, "कुनी कशाला हात लावलाय का?" चुलत्यांनी सगळ्यांच्या वतीनं "न्हाय" म्हणून टाकलं. मी एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली. मान खाली घातली ती घातलीच. आज सांगू, उद्या सांगू करत बारामतीला नांदायला आले. जितकं लांबलं तितकं जड झालं.

तू घर ना घर पालथं घातलंस. पाणक्यांना विचारलंस, गुराख्यांना विचारलंस, ठेकेदाराच्या माणसांपुढं उभी राहिलीस. "त्याच्या पायातलं कुनी काढलं, एवढंच सांगा," म्हणायचीस. मला एकदाही विचारलं नाहीस. प्रेत पहिल्यांदा मी बघितलं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, मग मलाच कसं नाही विचारलंस?

शेवटी इथं दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी म्हणाले, "आई, त्या चपला..." तू माझा हात दाबलास. "गप. तुज्या लेकराला भूक लागलीया, त्याला घे आधी."

तुला माहीत होतं ना गं? माझा संसार मोडू नये, पोरीला कोर्टाची पायरी चढायला लागू नये, म्हणून तू उन्हातान्हात दुसरा साक्षीदार हुडकत फिरलीस? मग एकदा मला धरून हलवायचं होतंस. चार मुस्काटात द्यायच्या होत्यास. माझा तुझ्यावर फार राग आहे, आई, आणि माझ्यावर त्याहून जास्त.

काल मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडरवर तारीख बघितली. मग म्हणाले, "सोमवारी डेपोत रजा टाकतो. दोघं जाऊ."

तर सोमवारी मी इंदापूरला जाणार आहे. त्यांना हसू दे, इतकी वर्षं कुठं होतीस म्हणू दे, माझ्यावरच गुन्हा लावू दे. लिहून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही, हा माझा शब्द. पण जे त्यांना सांगायचं ते आधी तुला सांगायला हवं होतं. ते निदान आता तरी ऐक. दादाच्या पायात चपला होत्या, आई. त्या मी काढल्या. तो होडीत चढलाच नव्हता.

तुझीच,
सुमन