पाण्याला लेखी, तुला नाही

ताई,

दहा वर्षांनी लिहितोय, दचकू नकोस. माणसं ठीक आहेत, घराचं सांगतो.

सरकारनं समोरचा रस्ता कमरेएवढा उंच केला आणि त्याखालची पाणी जायची मोरी बुजवून टाकली. तेव्हापासून दर पावसाळ्यात बाहेरच्या खोलीत गुडघाभर पाणी. बाबांचं शिलाई मशीन टेबलावर चढून बसलंय. मी सरकारवर खटला भरला, तो चार वर्षं चालला. जिंकलो म्हणे. रस्ता आहे तसाच राहणार, मला भरपाई मिळणार, आणि बदल्यात मी लिहून द्यायचं: पाणी कधीही येईल, हवं तितके दिवस राहील, मालकाची हरकत नसेल. काल सही केली.

वकील म्हणाले, "आता पाणी तुमच्याकडे हक्कानं येणार." ते हसले, मीही हसलो.

घरी येताना तुझं हक्कसोडपत्र आठवलं. या घरातला हिस्सा सोडल्याची सही करून तू विचारलं होतंस, "माहेरी येत जाऊ ना रे?" मी म्हणालो होतो, "बघू."

हे पत्र टाकणार नाही. वरच्या फळीवर ठेवतो, तिथवर पाणी पोचत नाही. पाण्याला मी लेखी दिलं, ताई. तुला तोंडीसुद्धा दिलं नव्हतं.

तुझा,
धाकटा