तिरुवोणमला एक जेवणारा पाठवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
माध्यमिक विद्यालय, मांतोट्टम,
जि. पालक्काड.

विषय : ओणमच्या सेवाकार्यात माझे नाव निराधारांतून काढून यजमानांत घालणे.
संदर्भ : शाळेचे 'कृतज्ञता सप्ताह' हे पत्रक.

महोदय,

मी, पंकजाक्षी, आपल्या शाळेची निवृत्त शिवणशिक्षिका, सादर विनंती करते की,

१. दरवर्षी ओणमची सुट्टी लागण्याआधी मुले माझ्या घरी सेवेला येतात. घर झाडतात, अंगणात फुलांची रांगोळी घालतात, केळीच्या पानावर मला सद्या, म्हणजे ओणमचे जेवण, वाढतात. याबद्दल मी ऋणी आहे. मात्र गेल्या वर्षी तीन वर्ग एकापाठोपाठ आले आणि तिन्ही वर्गांनी तेच घर झाडले. शेवटच्या वर्गाला कचराच मिळेना, मुले हिरमुसली. यंदा तसे होऊ नये म्हणून अंगणातली फणसाची पाने झाडणे मी आतापासूनच बंद केले आहे.

२. आठवीतली श्रीलता फोटो काढताना म्हणाली, "टीचर, जरा थकल्यासारख्या बसा ना. अशा ताठ बसलात तर सेवा वाटतच नाही." मी पोक काढून बसले. विद्यार्थ्यांना सहकार्य करणे कर्तव्यच आहे. ती निघाली तेव्हा मी विचारले, "तिरुवोणमला येशील का गं?" ती म्हणाली, "तेव्हा तर सुट्टी असते, टीचर!" यात तिचे काही चुकले नाही.

३. महाबली राजा प्रजेला भेटायला येतो तो ओणमच्या मुख्य दिवशी, म्हणजे तिरुवोणमला. शाळेने सोयीसाठी त्याला आधीच बोलावून, जेवू घालून, निरोपही दिलेला असतो. खऱ्या दिवशी माझ्या अंगणातली फुले सुकलेली असतात. शेजारच्या घरांतून पंगतीचा गलका ऐकू येतो. एकटीसाठी पान कापवत नाही, मी ताटलीत भात वाढून घेते. त्या दिवशी फार एकटे वाटते. अर्जात असे लिहायचे नसते, हे मला ठाऊक आहे.

४. मला शाळेकडून तांदळाची पिशवी नको. माझे हात चालतात, अवियलची भाजी उत्तम जमते, पायसमची खीरही. तरी तिरुवोणमच्या दुपारी कोणाही एकाला माझ्याकडे जेवायला पाठवावे. नापास झालेला चालेल. शिक्षा म्हणून पाठवला तरी चालेल. आपण स्वतः आलात तरी हरकत नाही. आपण पाचवीत असताना आपल्या सदऱ्याची बटणे मी वर्षभर लावून दिली होती. त्याची आठवण करून देण्याचा हेतू नाही, परंतु लिहिता लिहिता आठवले.

५. विनंती मान्य नसल्यास कृपया तसे लेखी कळवू नये. कळवले नाही, तर निदान दुपार कलेपर्यंत मला वाट पाहता येईल.

आपली, अजून हातपाय धड असलेली,
पंकजाक्षी टीचर
चिंगम महिन्याचा पहिला दिवस

सोबत : काही जोडलेले नाही. केळीची पाने त्या दिवशी दोन कापीन.