दुसरा थर

४ जानेवारी
घर मिळालं, तेही मनासारखं. मागच्या खोलीत शर्ट छापायचं टेबल आयतंच आहे. म्हणजे आम्ही दोघी आयत्या बिळावर नागोबा. घरमालकीण म्हणाल्या, आधीचा भाडेकरूही हेच काम करायचा, आणि इतका चोख की अर्धवट छापलेला कपडा त्याने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. त्या टेबलापाशीच वारला म्हणे. बारकीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, माणसं कुठेतरी मरायचीच. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. आईमागे मीच तिला वाढवलं, त्यामुळे ती माझं ऐकते. निदान ऐकल्यासारखं करते.

७ जानेवारी
पहिलं काम आलं. धावणाऱ्यांच्या क्लबाचे काळे शर्ट, त्यावर पांढरी अक्षरं. काळ्यावर पांढरं छापणं म्हणजे रडकथा. एका थरात ते राखाडीच दिसतं. म्हणून जाळीवरून शाई ओढून एक थर द्यायचा, वर हीटर धरून तो जरा वाळवायचा, बोट टेकवून बघायचं, आणि बोट कोरं निघालं की दुसरा थर. बारकी महाउतावळी. ओल्यावरच दुसरा थर ओढते आणि चिखल करून ठेवते. मग मी ओरडते, ती फुगते, आणि चहा मात्र तीच करते. खूप दिवसांनी मजेत गेला दिवस.

९ जानेवारी
आज प्रत्येक शर्टावर, मी बोट टेकवायच्या आधीच, शाईत बोटाचा ठसा. रुंद, पुरुषाच्या अंगठ्याचा असावा तसा. बारकीला झापलं. ती म्हणाली, मी तर भांडी घासत होते. खरंच घासत होती, आवाज येत होता. ठसे दुसऱ्या थराखाली झाकले. शर्ट वेळेवर द्यायचेत, भुताखेतांसाठी सवड कुणाला आहे.

१२ जानेवारी
बारकीच्या मानेवर पांढरा डाग. तेलाच्या बोळ्याने पुसला, निघाला. दुपारी परत आला. तिथे चिमटा काढला तर तिला कळत नाही. मला भीती वाटली. तिला दाखवली नाही.

१३ जानेवारी
सकाळी तिची पाठच्या पाठ पांढुरकी. कडा सरळ, रेखीव. तिला हुडहुडी भरली होती, पांघरुणं पुरेनात. मी मागच्या खोलीतला हीटर आणला आणि तिच्या पाठीवर धरला. हात सवयीने फिरत राहिला. तिला जरा बरं वाटलं. मग तेलाचा बोळा फिरवला, तर तो कोराच निघाला.

पहिला थर मीच वाळवला. माझ्या हाताने.

१४ जानेवारी
डॉक्टर येऊन गेले. नाडी फार मंद, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा म्हणाले. टॅक्सीवाल्याने तिला उचललं. उंबऱ्यावर तिचा श्वास थांबला. आत आणली, सुरू झाला. पुन्हा नेली. पुन्हा थांबला. टॅक्सीवाला पैसे न घेताच गेला.

अर्धवट छापलेलं बाहेर जात नाही.

१५ जानेवारी
मागच्या दारानेही नाही. खिडकीतूनही नाही. तेल, रॉकेल, दगड, सगळं घासून झालं. तिला काहीच लागत नाही. मलाही आता रडू येत नाही.
श्वास कमी कमी. इथे ठेवली तर जाणार.
टेबलावर शाई ढवळून ठेवलेली आहे. मी ढवळलेली नाही.

१६ जानेवारी
दुसरा थर मी ओढला. एकदाच, सरळ. तिने डोळे मिटले नाहीत.
हीटर धरला. बोट टेकवलं. कोरं.

नंतर
ती उठली. आपली आपण. चप्पल न घालता उंबरा ओलांडून गेली, श्वास चालू होता — मी नीट पाहिलं, चालू होता —
हाक मारली. बारके म्हणून. फाटकाशी वळली. रस्त्यावरच्या कुणाही बाईकडे बघावं तसं बघितलं, आणि गेली.
जिवंत आहे. तेवढंच तर हवं होतं.
पोटात तुटायला हवं होतं. काही नाही. दंडाला चिमटा काढला — जोरात — मग मानेला, आणि मानेला तर —