मागचा पुठ्ठा

पप्पा, काल कामट्या तासताना एक बारीक काडी अंगठ्यात गेली. नाताळच्या आठवड्यात तुमचे अंगठे कायम चिकटपट्टीने बांधलेले असायचे, ते आठवलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत मी एकही तारा बनवलेला नाही. नोकरी लागल्यावर आईला धुळ्याहून इथे जळगावला आणलं, तेव्हापासून बाजारातला प्लॅस्टिकचा तारा लावते. खोकं उघडायचं, पिन खुपसायची, झालं. दिवसभर कारखान्यात पाइपांवर दाब देऊन ते कुठे फुटतात ते नोंदवते. घरी आल्यावर आणखी काही जोडायचं त्राण उरत नाही.

तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून येऊन थेट अंगणात बसायचात. पाच टोकं, पतंगाचा पांढरा कागद, आत एक पिवळा बल्ब. शेजारचे नाना दरवर्षी कुंपणावरून विचारायचे, "भाऊ, दिवाळी ते हुई गई, आते कसाले कंदील?" आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "तुमनी लवकर हुई गई, नाना." मग तुम्ही ताऱ्याच्या मागे जाड पुठ्ठा बांधायचात. सगळा उजेड रस्त्याकडे जायचा, आपल्या ओसरीत अंधार. मी आठवीत होते. म्हणाले, "पप्पा, बनवतो आपण आणि आपल्यालाच दिसत नाही." तुम्ही गाठ आवळत म्हणालात, "आपल्याला घर माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी आहे तो." त्याच वर्षी तुम्हाला न विचारता मी बल्बच्या जागी लुकलुकणारी माळ जोडली. मला फार अभिमान वाटत होता. तुम्ही कामावरून आलात, बघितलंत आणि नानांसमोर ती काढून टाकलीत. म्हणालात, "पहिल्या नाताळच्या रात्री तो तारा बाळाच्या गोठ्यावर येऊन थांबला होता. डोळे मिचकावत नव्हता." मी चिडून म्हणाले, "तारे थांबत नसतात. विज्ञानाच्या पुस्तकात आहे." तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणून तर पूर्वेकडचे ते ज्ञानी लोक एवढ्या लांबून तो बघायला निघाले." तुम्ही गेल्यावर मी चर्चमध्ये जाणं सोडलं. आईला दारापर्यंत पोचवते आणि उपासना संपेपर्यंत बाहेर गाडीवर बसून राहते.

परवा प्लॅस्टिकचा तारा काढला तर आई म्हणाली, "राहू दे या वर्षी." तिची नजर फार कमी झाली आहे. उरली आहे ती पुढच्या नाताळपर्यंत टिकेल का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. "हा उघडझाप करतो, मला वाटतं लाइट जातेय. पप्पांसारखा बनवशील तर लाव. नुसती शोभा करायची असेल तर नको."

"आणि बनवणाऱ्याचा विश्वास नसेल तर?" मी विचारलं.

करंजीची कड दाबताना तिने मान वर केली नाही. "तुला कोण विचारतंय? उजेड पडतो की नाही तेवढं बघ."

दोन संध्याकाळी गेल्या. पाचही टोकं मी मोजून सारखी केली. तुमचं एक टोक नेहमी वाकडं असायचं. आईने सगळ्या टोकांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "फारच सरळ झालाय गं." आज दिवेलागणीला तो गॅलरीत टांगला, रस्त्याकडे तोंड करून. मग तिला हात धरून खाली नेलं, रस्त्यापलीकडे उभं केलं. ती बराच वेळ वर बघत राहिली. आमच्या समोरून दोन रिक्षा गेल्या. दिसतोय का, हे विचारायची मला भीती वाटत होती.

"दिसतोय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "थांबलाय."

हे पत्र उरलेल्या कामट्यांच्या जुडीत खोचून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. फक्त एक सांगायचं राहिलं. पुठ्ठा मी मापाने कापला होता, दोरा ओवायला भोकंही पाडली होती. तो बांधला नाही. उजेड आत माझ्या टेबलापर्यंत येतो आहे आणि मी त्यातच लिहिते आहे.