खालच्या बिजागरीपासून

लाकडी हातोडे वापरणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, आपले गाऱ्हाणे एकच आहे. घाव आपल्या हातोड्याने सोसायचा आणि नाव लाकूड कोरणाऱ्या पटाशीचे व्हायचे! पत्रा पोचा न पडता सरळ होतो, पिंपाचे बूच न फुटता बसते, पुस्तकाची पाठ गोल होते. कशाने, असे कोणी विचारले आहे का कधी?

मी, लाकूड कातून असे हातोडे घडवण्यात जन्म घालवलेली बाई, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय, माझ्यामागे काय कोणाचे ते सांगते.

कलम एक. राहते घर, वरच्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एका मुलाला. त्यात दुसरा वाटेकरी नाही.

पान उलटलेत? बरे. आता चिरंजीव आपल्यासोबत वाचत नाहीत. शाळेतही धड्याचे पहिले पान वाचले की ते खेळायला पळत. घर मिळाल्याचे वाचून, तुम्हा दोघा साक्षीदारांना आत सोडून, बाहेरून कुलूप घालून ते खाली जाऊन बसले असतील.

कलम दोन. पहिल्या पानावरचे ‘कोणाच्याही दबावाशिवाय’ हे शब्द खोडावेत. मी चौकात उभी राहून भाषणे करते, हा माझा गुन्हा.

“आई, लोक हसतात तुला.”

“हसायला का होईना, थांबतात ना?”

त्या दिवसापासून कुलूप. पाणी हवे असले तर हातोड्याने जमिनीवर ठोकायचे, एवढी सोय ठेवली आहे. घर तरीही त्यालाच. कोंडायला कोणी उरले नाही की ते केवढे मोठे लागते, हे त्यालाही कळू दे.

कलम तीन. बँकेतली शिल्लक सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. ठोकले की जिना चढून येते ती तीच. जिन्याकडच्या खिडकीच्या गजांतून पेला आत देते आणि म्हणते, “मी तरी काय करू, आई? किल्ली यांच्या खिशात.” बाई गं, किल्ली नसलेल्या दोघी आपण. निदान तुझ्याकडे पैसे असोत.

कलम चार. गोल तोंडाचा हातोडा पुस्तके बांधणारीला, जड हातोडा पिंपवाल्याला. सभेचा हातोडा कामगार संघटनेच्या चिटणिसाला. मी बोलायला उठले की तो टेबलावर आपटून “वेळ संपली, बाई” म्हणायचा. आता त्याच्या सभेला कुत्रे फिरकत नाही. त्याने खुशाल रिकाम्या खुर्च्यांना गप्प करीत बसावे. कपडे धोपटायची मोगरी मात्र कोणालाही देऊ नये, चुलीत घालावी. दुसऱ्यांचे धुणे धोपटून माझ्या आईची मनगटे गेली.

कलम पाच. साक्षीला बोलावलेला पत्रेवाला आणि सुतार, ज्याच्या तोंडून ‘हूं’पलीकडे शब्द ऐकल्याचे कोणाला आठवत नाही, यांच्यासाठी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून तुम्हा दोघांना मी काहीही ठेवलेले नाही. माझ्या उशाचा हातोडा फक्त वापरायला देते, आणि हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही.

दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत. त्यांच्यात अडकवलेल्या खिळी गंजल्या आहेत आणि माझ्या मनगटांत आता जोर नाही. खिळी नुसत्या सैल करा, काढू नका. उद्या चौकात आपली सभा आहे. तो कामावर गेला की त्या मी बोटांनी उपसून काढीन, दार आत ओढीन आणि सभा गाठीन. सुनेला सगळे ठाऊक आहे. ठोके ऐकून ती आज जिना सावकाश चढेल.

आणि तो? लोखंडाचा ठणठणाट ऐकला तर धावत येईल. लाकडाचे ठोके ऐकून तो आजवर जागचा हललेला नाही.

तेव्हा सोबत्यांनो, सही झाली की हातोडा उचला आणि खालच्या बिजागरीपासून सुरुवात करा.

स्थळ: वरची खोली, कुलपाच्या आत.
दिनांक: सभेचा आदला दिवस.

लिहून ठेवणार: हातोडेवाली (सही)
साक्षीदार: पत्रेवाला (सही). दोन्ही पाने वाचली.
साक्षीदार: सुतार (सही). हूं. खालची सैल झाली.