एक सांधा, चार सांधे

३ नोव्हेंबर, सोमवार
राठोड सर दुकानात येऊन गेले. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे. पोट्ट्यांले टेकडीवर सायकल शिकवतेत. पुण्याहून दोन जुन्या माउंटन बाइक आणल्या. पुढची फ्रेम झकास, मागची दोन्हीची गेलेली. मागचा भाग नवा करून द्याचा, शॉकपवर, म्हंजे दणका झेलणाऱ्या स्प्रिंगवर, झुलणारा. जिचा मागचा भाग चांगला निघन, तिच्यावर पायल स्पर्धेत उतरणार. पायल म्हंजे सरची पुतणी, एकोणीस वर्षांची, उतारावर ब्रेकले लवकर हात लावत नाई.
म्या म्हटलं, द्या दोन्ही. तं म्हंतेत, "एक तुमाले, एक प्रवीणभाऊले."
प्रवीण माहा साडू. फाटकं करते, खिडक्यांच्या जाळ्या करते. कारंज्यात बापापासून सायकलचं दुकान माहं, अन् माउंटन बाइक कोण करणार, तं फाटकवाला!

५ नोव्हें.
माहं ठरलं. एकच सांधा. पायडलच्या वर एक बोल्ट, मागचं सारं त्याच्यावर झुलणार. कमी सांधे, कमी कटकट.
प्र. चार सांधे करून राह्यला म्हणे. मोबाइलवर पाहून. बायको, रेखा, जेवता जेवता सांगते, "भाऊजी कागदावर चित्र काढून राह्यले, अगदी इंजिनेरावानी." माह्या कागदाकडं हिनं बावीस वर्षांत पाह्यलं नाई. म्या म्हटलं, सांधे वाढवले म्हंजे अक्कल वाढते काय? भाजी खारट होती. का मलेच लागली.

९ नोव्हें.
माही तयार. चालवून पाह्यली. चढावर पायडल मारलं की उंटावर बसल्यावानी खालीवर. ब्रेक दाबला की मागचं आखडते, दगड सरळ कमरेत. एका सांध्यात थोडं असं होते, माहीत होतं. एवढं होईन असं नव्हतं वाटलं. रेखाले म्हटलं, मस्त झाली.

१२ नोव्हें.
टेकडी. पायलनं दोन्ही चालवल्या. माही पयले. "दिलीपकाका, मजबूत आहे. पण ब्रेकवर आखडते." प्र.ची चालवून आली तं हासूनच राह्यली पोट्टी. "ब्रेक मारला तरी चाक दगड गिळते!" सरनं प्र.च्या पाठीवर थाप मारली. माह्या पाठीवर नाई.
अन् हा प्र. म्हंते, "सर, माही गाडी आज दिलीपभाऊच्या दुकानात राहू द्या. त्यायले एकडाव पाहू द्या. मी तं फाटकवाला."
नाटकं! जळतो मी त्याच्यावर. लिहूनच टाकतो. जळतो.

१३ नोव्हें.
प्र.ची फ्रेम दुकानात. शॉकप काढला, मागचा भाग उचलून सोडला. सरळ खाली पडाले पाह्यजे. अर्ध्यात अटकला, मंग हळूच एका अंगाले गेला. दोरा ताणून पाह्यला. डावा सांधा उजव्यापेक्षा अर्धा सूत, म्हंजे दीडेक मिलिमीटर, बाहेर.
एकटाच हासलो. फाटक आपोआप लागावं म्हणून वरची बिजागरी जराशी हटवून लावते हा. वीस वर्षांचा हात बसलेला. इथीबी तसंच केलं बाप्पानं! पण इथी दोन्ही बाजू एका रेषेत पाह्यजे. नाई तं सांध्यातला बुश एका अंगानं झिजते, अन् मोठी उडी मारली की वेल्डिंग...
कापून पुन्हा लावलं तं एका दिवसाचं काम. मंग याची फ्रेम माह्यापेक्षा शंभर पटीनं चांगली. तेच तं.

१४ नोव्हें.
सर न्यायले आले. "कशी आहे, दिलीपभाऊ?"
"चांगली आहे."
वाटलं, तुटू दे एकडाव साऱ्यांसमोर. मंग कळन, सायकलवाला कोण अन् फाटकवाला कोण. वर पायल बसली असन हे डोक्यात आलंच नाई.
खोटं. आलं होतं.

१६ नोव्हें., रविवार
साळी अन् प्र. जेवाले आले. प्र. हाडूक चोखता चोखता म्हंते, "म्या सरले बजावलं होतं, दिलीपभाऊनं ठीक म्हटल्याबिगर पोरीले उडी मारू देऊ नका. तुमी ठीक म्हटलं, तवा कुठी मले झोप आली."
रेखा म्हंते, "पाहा, किती मानते तुमाले."
 काय सांगू? पाह्यलं अन् गप राह्यलो? चार माणसांत म्या प्र.च्या ताटात अजून रस्सा वाढला.

१७ नोव्हें.
सकाळी सरले फोन. तीनदा वाजला, मंग सरच्या घरच्या वहिनीनं उचलला. "फोन घरीच राह्यला. थे अन् पायल टेकडीवर गेले. आज मोठी उडी आहे म्हणे."
प्र.ले लावला. एका दमात सांगून टाकलं, डावा सांधा वाकडा आहे, मले चार दिवसांपासून माहीत आहे.
 मंग म्हंते, "मी गाडी काढतो. फाट्यावर उभे राहा, भाऊ."
शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. भाऊ म्हणला अजून.
फाट्यावर बसून लिहून राह्यलो. पिशवीत नटबोल्टचे पाने, दोरा, नवे बुश. कायच्या कामाचे आता ते, थे टेकडीवरच कळन. पयले पायलले सांगाचं, मंग सरले. प्र.कडं कसं पाहाचं हे नाई सुचून राह्यलं.
मोटरसायकल येऊन राह्यली. त्याचीच. वही पिशवीत टाकतो.