मनमाडचा लेहरा आणि पायाखालचं बटण

आई, तू गेल्यानंतर मी एकटीचा तबला चारचौघांत वाजवलाच नव्हता. साथ केली, शिकवलं, परीक्षांना मुलं बसवली. पण सोलोचं कुणी विचारलं की काहीतरी सबब सांगायचे. कधी बोट दुखतंय, कधी पाहुणे आहेत. खरं कारण तू. तबलजी रंगात येतो तेव्हा मागे पेटीवर एकच ओळ गोल फिरत राहते, तो लेहरा. आणि माझ्या डोक्यात लेहरा म्हणजे तू, दुसरं कुणी बसतच नव्हतं. यंदा मात्र गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात वाजवायचं मी कबूल करून बसले. आता नाही वाजवलं तर पुन्हा कधीच वाजणार नाही, असं आरशात पाहताना वाटलं होतं. काल तो कार्यक्रम झाला.

तुझी जागा मला अजून दिसते. पुढच्या खोलीत अण्णांचा तबल्याचा क्लास, आणि तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पेटी घेऊन, कारण गॅसवर दूध असायचं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, एक डोळा दुधावर. दारावर भाजीवाली यायची. "मेथी ताजी आहे का गं? की कालचीच पाणी मारून आणलीस?" तू बसल्या जागेवरून विचारतेस, ती शपथा घेते, तू जुडी उलटी करून दाखवायला लावतेस, आणि लेहऱ्याची एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. मी तिकडे बघून हसले की ओरडा मला. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पेटी ऐक." अण्णांच्या शिष्यांना वाहवा मिळायची, अण्णांना नमस्कार मिळायचे. तुला चहा टाकायला सांगायचे. तू चहाही उत्तम करायचीस, हा भाग वेगळा.

तर, लेहरा कुठून आणायचा? मोबाइलवर तयार मिळतो, माझे विद्यार्थी त्यावरच रियाज करतात, मीच सांगते तसं. पण तुझा लेहरा त्यात नाही. मनमाडला आजोबांच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तू शिकलेली ती ओळ, जिला अण्णा चेष्टेनं 'मनमाडचा लेहरा' म्हणायचे, 'जंक्शनसारखी आहे, कुठूनही निघा, तिथेच येता'. ती कुणी रेकॉर्ड केली नाही. रोज घरात वाजणारी गोष्ट कोण रेकॉर्ड करतं? ती उरली आहे फक्त माझ्या बोटांत. म्हणून ठरवलं की स्टेजवर आधी मीच पेटीवर एक आवर्तन, म्हणजे ओळीचा एक पूर्ण फेरा, वाजवायचं, पायानं बटण दाबायचं, कॉम्प्युटरनं तेवढाच तुकडा धरून फिरवत ठेवायचा, आणि मी सरकून तबल्यावर बसायचं. याला लूपिंग म्हणतात. गिटारवाली मुलं सर्रास करतात.

द्वारका चौकाजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. "मॅडम, इंडियन वाजवणार का वेस्टर्न?" म्हटलं, पेटी. मग त्याने त्याच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर दाखवलं, ते आधी लय विचारतं, कानात टिक-टिक सुरू करतं, आणि आपण वाजवलेलं ओढूनताणून त्या टिकटिकीवर बसवतं. "एकदम परफेक्ट येतं बघा," तो म्हणाला. तिथल्याच पेटीवर वाजवून पाहिलं, आलंही. तुझी ओळ कवायतीला उभी केल्यासारखी वाटली. दुसरं दिसायला सुंदर, रंगीबेरंगी, पण मी सोबत नेलेला लॅपटॉप त्याच्या ओझ्यानं धापा टाकायला लागला आणि आवाज तुटू लागला. तिसरं अगदी साधं. काळी खिडकी, मध्ये एक वर्तुळ. ते काहीच विचारत नाही. पहिल्यांदा जेवढं वाजवाल तेवढी लांबी धरतं आणि फिरत राहतं. ते घेतलं. घरी आणून माइक जोडला, तर पट्टी आत्ता दाबली आणि स्पीकरमधून सूर मागाहून. चिडून दुकानदाराला फोन केला. "मॅडम, ते बफर म्हणून आहे ना सेटिंगमध्ये, ते कमी करत जा. आवाज फुटायला लागला की एक पायरी मागं या." तुझं मीठ घालायचं शास्त्र हेच होतं.

एवढं सगळं जमलं, आणि लूप काही जमेना. वाजवते, बटण दाबते, आणि तीनतालाच्या सोळा मात्रांच्या सतरा होतात. समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, एक ठोका जास्त. मी सॉफ्टवेअरला नावं ठेवली, बटणाला ठेवली, दुकानदारालाही मनातल्या मनात ठेवली. मग एकदा वैतागून नुसती बसले होते, तेव्हा तुझा आवाज आठवला. लहानपणी मी तिहाई घेऊन, एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर पडायचे आणि शाबासकीसाठी थांबायचे. तुझी पेटी थांबायची नाही. तू तशीच वाजवत म्हणायचीस, "सम आली म्हणजे घरी पोचलीस का? ती पुढच्या आवर्तनाची आहे. चल, ऊठ." मी अजूनही तेच करत होते गं. सम पुरती वाजवून, तिची मजा घेऊन, मग पाय दाबत होते. त्यामुळे पुढच्याची सम मागच्यात जात होती. समेच्या क्षणालाच पाय टेकवला. वर्तुळ फिरलं, तुझी ओळ पहिल्यांदा न अडखळता घरात फिरली, आणि मी मोठ्याने रडले. शेजारीण बेल वाजवून विचारून गेली.

काल स्टेजवर पाय बरोबर पडला. लेहरा सुरू झाला, मी तबल्याकडे सरकले, आणि पेटीसमोर कुणी नसताना पेटी वाजते म्हणून लोकांनी आधी त्यालाच टाळ्या दिल्या. पेशकार, कायदे छान झाले. मग सवयीने मी लय जराशी पुढे रेटली, आणि लेहरा आला नाही. तो जिथे होता तिथेच. मुकाट्यानं मागे आले आणि उरलेलं सगळं त्याच लयीत, दुगुन-चौगुन करून निभावलं. लोकांना कळलं नाही. मला मात्र तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी चढतेय असं मला वाटायचं, तेव्हा तू मला चढवत होतीस. दूध, मेथी, दार सगळं सांभाळून, माझ्या हातात किती दम उरलाय ते ऐकून, केसभर पुढे. असं वाजवणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. हे तुला समोर कधी म्हटलं नव्हतं, कारण आईला कोण वाहवा म्हणतं? तर आता म्हणते. वा, आई.

हे पत्र कुठे टाकणार, पेटीच्या खोक्यातच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. साउंड चेकच्या वेळी तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, प्रत्येक राउंडला समेच्या आधी टक असं काहीतरी येतंय. काढून टाकतो." मी घाईने म्हटलं, "राहू द्या हो, पेटी जुनी आहे." पेटी चांगली आहे. भाता पूर्ण उघडला की समेच्या आधी तुझी बांगडी लाकडावर आपटायची, तसं वाजावं म्हणून लूप घेताना मी ती डाव्या हातात घातली होती.